पार्किंगमधला संसार

आमचं घर तळमजल्यावर होतं आणि तळमजल्यावर आहे म्हणूनच आम्ही ते घेतलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे पुष्कळ शहाण्या माणसांनी आम्हाला विचारलं, असं घर घेतलंतच कसं? सासूबाईंचे गुडघे गेलेले. नवरा धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टला. मी घरी बसून ब्लाउज शिवणारी. माझी गिऱ्हाइकं सगळी बायामाणसं, त्यांना जिने चढायला लावले की त्या पुढच्या गल्लीतल्या टेलरकडे जाणार. तेवढ्यात रोह्यात, बाजाराला जवळ आणि नदीलाही फारशी लांब नाही अशी एक तीन मजली इमारत उभी राहिली. तिचा बिल्डर आम्हाला म्हणाला, "वहिनी, तळमजला म्हणजे बंगल्याचा थाट आणि फ्लॅटचा भाव."

बिल्डर पेणचा. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध, आणि बोलणं असं की त्याच्यासमोरच्या चहात साखर घालायची गरज नसे. सगळे त्याला शेठ म्हणत. आम्ही बँकेचं कर्ज काढायच्या बेतात होतो, तर हा अगदी कळवळला. "बँकेच्या नादाला कशाला लागता? त्यांचा वकील येणार, नकाशे मागणार, शंभर शंका काढणार. माणसाचा माणसावर काही विश्वास राहिला आहे की नाही?" आम्हाला ते पटलं. सासऱ्यांच्या माघारी गागोदे बुद्रुकला सासूबाईंच्या नावावर भाताचं शेत होतं. ते विकून हे घर घेतलं. बँकेच्या शंकांपासून आम्हाला वाचवल्याबद्दल वास्तुशांतीला मी शेठच्या पुरणपोळीवर जास्तीचं तूप वाढलं.

घर तसं चमत्कारिक होतं. हॉलच्या मधोमध दोन जाड खांब. छत इतकं खाली की नवऱ्याने हात वर करून आळस दिला तर पंख्याला लागेल अशी धास्ती. जमिनीला रस्त्याकडे उतार होता, हातातून लिंबू सुटलं तर ते थेट दाराशी जाऊन थांबे. शेठने सांगितलं, उतार मुद्दाम ईशान्येला ठेवलाय, लक्ष्मी येते. सासूबाई खांबांकडे बघत म्हणाल्या, "यांना म्हशी बांधायच्या हायत काय?" शेठ खूप हसला. "आई गमतीच्या आहेत," म्हणाला. आम्हीही हसलो. खांबांना मी रंगीत दिव्यांच्या माळा लावल्या आणि आलेल्या-गेलेल्यांना त्या कौतुकाने दाखवल्या.

मग काही वर्षांनी ते चक्रीवादळ आलं. कुठल्याशा देशाने त्याला छान नाव ठेवलं होतं आणि टीव्हीवरच्या मुली ते पाहुण्याचं नाव घ्यावं तसं घेत होत्या. सकाळी वारा सुटला. समोरच्यांचे पत्रे पतंगासारखे उडाले, कोपऱ्यावरचं आंब्याचं झाड रस्त्यावर आडवं झालं, वीज गेली. दुपारपर्यंत वारा पडला म्हणून आम्ही सुटलो म्हटलं, तर पावसाने धरलं. त्यातच खाडीला भरती. भरती असली की आमच्या नदीला पुढे जायला वाट मिळत नाही, मग ती गावाकडे वळून बघते.

नवरा सकाळच्या शिफ्टला गेला तो तिकडेच अडकलेला. आमची जेवणं झाली होती. भांडी घासायला मोरीत गेले, तर मोरीच्या जाळीतून पाणी वर येत होतं. आधी वाटलं, तुंबलंय. फडकं कोंबलं. फडकं वर आलं आणि हॉलकडे निघालं. तोवर पुढच्या दारातूनही पाणी शिरलं. ईशान्येकडून.

"गो, ते मशीन उचल," सासूबाई म्हणाल्या. "कपाट काय कुठं जात नाय."

मी शिलाई मशीनचं डोकं खोलून काखेत मारलं. सासूबाईंनी देव पदरात घेतले आणि लोणच्याची बरणी घेतली. गिऱ्हाइकांचे ब्लाउज कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. ते घ्यायला वळले, तर पाणी गुडघ्याला लागलं आणि सासूबाईंनी माझा दंड असा धरला की आठवडाभर त्याची खूण राहिली. ज्या बाईला जिना चढवत नाही म्हणून आम्ही घर घेतलं होतं, ती त्या दिवशी माझ्या पुढे जिना चढली.

पहिल्या मजल्यावर एक काकू एकट्या राहत. मुलगा मस्कतला. आमचं त्यांचं बोलणं म्हणजे, "पाणी आलं का?" आणि "कचरेवाला गेला का?" एवढंच. त्यांनी दार उघडलं, आमच्याकडे बघितलं, दोन कोरड्या साड्या आणून दिल्या आणि म्हणाल्या, "वालाचं बिरडं केलंय. थोडं जास्तच झालंय." आम्ही जेवलोय हे सांगायचं मला सुचलं नाही. सासूबाई दुसऱ्यांदा जेवल्या.

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांना सगळे सर म्हणत. सर गॅलरीत छत्री घेऊन उभे होते आणि पाणी कुठवर आलं ते मोठ्याने सांगत होते. "खिडकीच्या गजांना लागलं. आता गज बुडाले. आता तुमचा गॅस बाहेर आला बघा, रस्त्याकडे चाललाय." मॅचचं वर्णन ऐकवावं तसं. आमचंच घर असल्याने मला ते फार मन लावून ऐकावं लागलं.

नवरा दुसऱ्या दिवशी चालत आला तेव्हा पाणी उतरलं होतं आणि घरात पोटरीभर गाळ होता. तो दारात थांबला. मग चप्पल बाहेर काढून ठेवली आणि चिखलात शिरला. इतक्या वर्षांची सवय.

मदतीला माणसं आली, नाही म्हणू नये. काही गाळ उपसायला आली, काही गाळ उपसणाऱ्यांचे फोटो काढायला. कुणी मेणबत्त्या दिल्या, कुणी बिस्किटं, कुणी धीर. सरांच्या पत्नी जिन्यातूनच म्हणाल्या, "फार वाईट झालं हो. माझा तो मोरपंखी ब्लाउज झाला होता का? रविवारी साखरपुडा आहे." मी गाळातून एक गोळा काढून दाखवला. त्यांनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "रंग जाईल ना?" मी म्हटलं, मोरपंखी जाईल, खाकी येईल.

सासूबाई ओट्यावर बसून एकेक भांडं धूत होत्या. मध्येच हात थांबले. "शेतात पाणी आलं तं शेत शेतच ऱ्हातं गो," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा राखेने तांब्या घासायला लागल्या. मीही शेजारी बसून एक पातेलं घेतलं.

मग पंचनाम्याला माणूस आला. नुकताच नोकरीला लागलेला, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, चेहऱ्यावर जागरण. गल्लीतली घरं बघत बघत आमच्यापर्यंत पोचला आणि थबकला.

"इथं कोण राहतं?"

"आम्ही," मी म्हटलं.

"वॉचमन का?"

"नाय," सासूबाई म्हणाल्या. "मालक."

त्याने खांबांकडे बघितलं, छताकडे बघितलं, बाहेर जाऊन इमारत खालून वर बघितली. मोबाइलवर काहीतरी उघडलं, कुणालातरी फोन केला. परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"ताई, ही इमारत खांबांवर उभी आहे. खालची जागा मोकळी सोडायची असते. मंजूर नकाशात इथं पार्किंग आहे. घर नाही."

"मग हे काय आहे?"

"भिंती आहेत," तो म्हणाला. "इमारत तपासून झाल्यावर मागाहून घातलेल्या."

नवऱ्याने घरपट्टीच्या पावत्यांचं सांगितलं. तो म्हणाला, घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, तसं पावतीच्या मागे छापलेलंच असतं. आपल्याकडे महत्त्वाचं सगळं मागच्या बाजूलाच छापतात. "पडलेल्या घराचा पंचनामा होतो, भिजलेल्या घराचा होतो. नकाशातच नसलेल्या घराचा मी कसा लिहू, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. काकूंनी दिलेला चहा त्याने उभ्याउभ्या घेतला आणि जाताना म्हणाला, "साहेबांना विचारतो, भांड्याकपड्यांची काही मदत बसते का ते. पण बिल्डरला सोडू नका. घर विकत घेणाऱ्याचे हक्क असतात."

हक्क असतात हे ऐकून बरं वाटलं. घर नव्हतं, पण हक्क होते. इतकी वर्षं मी गाड्या लावायच्या जागेत भाकऱ्या भाजत होते, हेही त्याच दिवशी कळलं.

ही बातमी वरच्या मजल्यांवर आमच्या आधी पोचली. संध्याकाळी सर खाली आले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते फार घट्ट बसलेलं नव्हतं. "म्हणजे आमचं पार्किंग तुमच्याकडे आहे तर," ते म्हणाले. वाटी नेऊन परत केली नाही की शेजारीण म्हणते, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काकूंकडून खाली आलो, तर सरांची स्कूटर आमच्या हॉलमध्ये. फुगलेलं दार काढून आम्ही वाळायला भिंतीला टेकवलं होतं, त्यामुळे आत यायला कुणाला विचारायची गरज नव्हती. दोन खांबांच्या मध्ये ती इतकी नेटकी बसली होती की जागा कशासाठी होती याबद्दल शंकाच राहू नये. नवरा म्हणाला, "असू दे. समजुतीने घेऊ." माझ्या नवऱ्याने आयुष्यात सगळं समजुतीनेच घेतलं आहे, हे घरसुद्धा.

धुतलेली ओली गोधडी सासूबाईंनी स्कूटरवर पसरली, आरशांना माझे परकर अडकवले आणि हँडलला पायपुसणं. सर आले.

"आजी, हे काय? गाडीवर?"

"पारकिंगात वाळत घालायचं तं गाडीवरच घालाया लागंल ना," सासूबाई म्हणाल्या. "दोरी बांधायला घर कुठं हाय?"

सरांनी गोधडीची घडी घातली. नीट, चार पदरी. स्कूटर ढकलत बाहेर नेली, आणि पुढे पुष्कळ दिवस ते आमच्याकडे न बघता जिना चढत.

मी शेठला फोन लावला. आधी तो साइटवर होता, मग दर्शनाला होता, मग फोनच बंद होता. शेवटी काकूंच्या फोनवरून लावला तेव्हा उचलला. "वहिनी, करारात काय लिहिलंय? तळमजला, रस्त्याकडची बाजू. तळमजला दिला की नाही? रस्ता आहे की नाही?" दोन्ही होतं. वर म्हणाला, "निसर्गापुढे आपण कोण?" निसर्गाने भिंती घातल्या नव्हत्या, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. मला नेहमी फोन ठेवल्यावरच सुचतं.

यानंतर आमच्या इमारतीत जी एकजूट झाली, तिचं श्रेय मी माणुसकीला देणार होते, पण खरं श्रेय टाकीचं. पाण्याची मोठी टाकी जमिनीखाली, मोटर तळमजल्यावर, विजेचे मीटरही तिथेच. टाकीत नदीचा गाळ, मोटर जळालेली. त्यामुळे ज्यांची घरं अगदी नकाशात होती, त्यांच्याही नळाला पाणी नव्हतं. सर बादली घेऊन टँकरच्या रांगेत माझ्या मागे उभे राहू लागले, आणि रांगेत माणूस फार लवकर समंजस होतो.

त्यांनी शेठला फोन केला. शेठ म्हणाला, "फ्लॅट विकले, माझा संबंध संपला. तुमचं तुम्ही बघा." मीटरच्या कामासाठी सर वीज कंपनीत विचारायला गेले, तर तिथे सोसायटीचं पत्र मागितलं. सोसायटी शेठने कधी केलीच नव्हती. इमारतीची जमीनही अजून त्याच्याच नावावर. त्यातच एक दिवस दोन माणसं गच्चीवर मापं घेताना सापडली. शेठने गच्ची मोठ्या जाहिरातफलकासाठी भाड्याने दिली होती. सर त्या गच्चीवर रोज प्राणायाम करत.

त्या दिवशी सगळे गच्चीवर जमले. सरांनी प्रस्तावना केली, कारण मुख्याध्यापकाला ती केल्याशिवाय बसता येत नाही. बोलता बोलता ते म्हणाले, "खालच्या मजल्याचा प्रश्न वेगळा आहे, आपण तो यात मिसळू नये."

काकू सहसा बोलत नसत. त्या म्हणाल्या, "का मिसळू नये?"

"कारण तो अनधिकृत आहे."

"आणि आपण कसे आहोत? जमीन त्याची, गच्ची त्याची. यांचं घर त्याने नकाशाबाहेर विकलं, आपली गच्ची आपल्या डोक्यावर विकली. उद्या आपल्याला कोण विचारणार आहे?" मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तिसऱ्या मजल्यावर त्याचा तो कुलूप लावलेला फ्लॅट आहे ना? त्यात फरशांची खोकी आहेत. बदल्यात तो यांना दिला तर काय बिघडेल?"

सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे." सरांच्या भाषेत याचा अर्थ, मी हरलो.

बाजारपेठेत एक वकीलबाई होत्या, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी समजावलं, फ्लॅट विकल्यावर बिल्डरने सोसायटी करून द्यायची असते आणि जमीन-इमारत तिच्या नावावर करायची असते. त्याने टाळलं, तर सोसायटी सरकारदरबारी जाऊन त्याच्या सहीशिवायही करून घेऊ शकते. पार्किंग घर म्हणून विकताच येत नाही. फसलेल्या माणसाला पैसे मागता येतात, दुसरं घर मागता येतं, ग्राहक न्यायालयात जाता येतं.

"म्हणजे आमचे हक्क आहेत," नवरा म्हणाला.

"भरपूर आहेत."

"आणि घर?"

"त्याला वेळ लागेल," त्या म्हणाल्या.

तक्रार अलिबागला दाखल झाली. आम्ही तारखांना जात होतो. तारखा पुढे जात होत्या, आम्ही रोह्याला परत येत होतो. तोवर आमचा मुक्काम काकूंच्या बाहेरच्या खोलीत. मशीन तिथेच मांडलं. गिऱ्हाइकं जिना चढून यायला लागली, कुरकुर न करता. इतकी वर्षं मी उगाच त्यांच्या गुडघ्यांची काळजी केली.

एके दिवशी सरांनी वर्तमानपत्रातून पडलेलं एक रंगीत पान आणलं. शेठची पेणला नवी इमारत, बुकिंगचा शुभारंभ, सहकुटुंब या, अल्पोपाहार आहे. खाली ठळक अक्षरांत, 'तळमजल्यावर बंगल्याचा थाट'.

"सहकुटुंब बोलावलंय," काकू म्हणाल्या. "जायला हवं."

आम्ही टेम्पो केला. त्यात खुर्च्या टाकल्या. सासूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी. महामार्गाचं काम चालू होतं, ते चालूच असतं, त्यामुळे नागोठण्यापासून गडबपर्यंत आमची हाडं आम्हाला नीट मोजता आली. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. वकीलबाई म्हणाल्या, "मी आपली पेणला पापड घ्यायला येते. माझा तुमचा काही संबंध नाही." आणि टेम्पोत चढल्या.

मंडप मोठा होता. सनई लावलेली, दाराशी गुलाबपाणी. इमारतीचे नुसते खांब उभे होते, खालची जागा मोकळी, आणि तिथेच खडूने रेघा मारून हॉल, किचन, बेडरूम लिहिलेलं. मी त्या 'किचन'मध्ये जाऊन उभी राहिले आणि शेठच्या माणसाला विचारलं, "इथे छत एवढंच खाली राहणार का?" तो म्हणाला, "मॅडम, खाली छत असलं की घर उबदार राहतं."

सासूबाई पुढच्या रांगेत बसल्या. त्यांच्या शेजारी गडबचं एक कुटुंब होतं. हायवेला दुकान असलेला माणूस, त्याची बायको आणि म्हातारी आई. ती आई सासूबाईंना म्हणाली, "तुमीपण तळमजलाच बघताव काय? मला जिना चढवत नाय."

"माझ्यापण गुडघ्यांनी दगा दिलाय," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तं तळमजला घेतला."

"व्हय? कुठं?"

"रोह्याला. ह्याच शेठकडं. शेत इकून घेतला. वादळात पाणी शिरलं, तवा कळलं घर नव्हताच, पारकिंग होता." आज भाजी कोणती केली हे सांगावं इतक्या साध्या आवाजात.

दुकानदार पुढे वाकला. "आजी, काय म्हणालात?"

सासूबाईंनी पुन्हा सांगितलं. त्यांना आवाज चढवायची गरज पडली नाही. मागच्या रांगेने आपल्या खुर्च्या पुढे ओढल्या. कुणी काही विचारलं की त्या उत्तर देत, खांबांचं, उताराचं, बँक नको म्हणाला त्याचं. सर शेजारी उभे राहून, "बरोबर आहे. मी वर राहतो. मी पाहिलंय," असं म्हणत होते. वादळाच्या दिवशीचं सगळं वर्णन त्यांना पाठ होतं आणि या वेळी ते ऐकायला मला बरं वाटलं.

दुकानदार उठून टेबलापाशी गेला. "शेठ, या इमारतीचं पार्किंग कुठे आहे?"

"मागे होणार आहे," शेठ म्हणाला.

"मागे तर नदी आहे."

मग शेठचं आमच्याकडे लक्ष गेलं. तो हात जोडत आला. "आई, तुम्ही इथे? आत ऑफिसात बसू, एसी आहे."

"हितंच बरा हाय. वारा येतो," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, मी देवाला मानणारा माणूस आहे. घरातलं भांडण चारचौघांत कशाला?"

मी म्हटलं, "घरातलं कसं असेल? घरच नाही." या वेळी मला वेळेवर सुचलं. आयुष्यात एकदा.

नवरा उठला. मला वाटलं, आता हा समजुतीने घेणार. तो म्हणाला, "शेठ, तिसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या फरशा कधी हलवताय?" माझा नवरा असं बोलू शकतो हे मलाही ठाऊक नव्हतं. काकू म्हणाल्या, "आणि सोसायटी, आणि जमीन. आणि टाकी तुम्हीच साफ करून द्यायची." शेठने मंडपाकडे बघितलं. गडबचं कुटुंब शिऱ्याच्या बश्या तशाच ठेवून निघालं होतं आणि त्यांच्या मागे आणखी दोन कुटुंबं. तो म्हणाला, "मी कधी नाही म्हटलं का?" त्याने आम्हाला खरंच कधी नाही म्हटलं नव्हतं, कारण आमचा नंबर दिसला की तो फोनच उचलत नव्हता.

वकीलबाई पापडांची पिशवी घेऊन नेमक्या तेव्हाच मंडपात आल्या.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. शेठला सहीच्या दिवशी दोनदा ताप आला. एकदा त्याच्या मामीचे चुलते वारले. तक्रार मागे घ्या, मग सही करतो, असं तो म्हणत होता, आणि वकीलबाई म्हणत होत्या, सही करा, मग मागे घेतो. जमिनीचं काम तर त्याहून रेंगाळलं. पण पेणच्या इमारतीत तळमजल्याचं एकही बुकिंग होईना, आणि आम्ही पुन्हा पापड घ्यायला येऊ शकतो हे त्याला ठाऊक होतं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आमच्या नावावर झाला. या वेळी आम्ही नकाशा मागितला, मागची बाजूसुद्धा वाचली. भिजून गेलेल्या संसाराचं मात्र काही मिळालं नाही. पंचनाम्याच्या साहेबांचंही उत्तर अजून आलेलं नाही. गिऱ्हाइकांचे ब्लाउज मी माझ्या कापडातून पुन्हा शिवून दिले. मोरपंखीसुद्धा. सरांच्या पत्नीने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, आधीचा जास्त चांगला बसला असता.

सोसायटी झाली. सर अध्यक्ष झाले, दुसरं कोण होणार? पहिल्याच बैठकीत तळमजल्याच्या भिंती पाडायचा ठराव झाला. आम्हीही हात वर केला. भिंती पाडल्या त्या दिवशी मी खाली गेले नाही. सासूबाई गेल्या, शेवटची वीट पडेपर्यंत उभ्या राहिल्या आणि वर येऊन म्हणाल्या, "मजबूत होत्या पण."

तिसऱ्या मजल्यावर हवा छान आहे. पाणी यायची भीती नाही. सासूबाई पहिल्या मजल्यावर काकूंकडे चहाला थांबतात, दुसऱ्यावर सरांकडे दम खायला थांबतात, त्यामुळे वर यायला त्यांना अख्खी संध्याकाळ पुरते. पण त्यांचं वर मन रमत नाही. तळमजल्यावर दारात बसलं की येणारं-जाणारं माणूस दोन शब्द बोलायचं, वर फक्त कावळे येतात. म्हणून त्या रोज दुपारी एक खुर्ची खाली नेऊन दोन खांबांच्या मध्ये बसायला लागल्या. भाजीवाली तिथेच टोपली उतरवते, आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या तिथेच जमतात.

मागच्या महिन्यात सरांनी बैठकीत विषय घेतला की पार्किंगची जागा वाहनांसाठी असून तिथे खुर्ची ठेवणं नियमाला धरून नाही. काकूंनी विचारलं, नियम कुठे लिहिलाय? सर म्हणाले, लिहायचा आहे. पुष्कळ चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की खुर्चीला चाकं नसल्यामुळे तिला वाहन म्हणता येत नाही, म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत ती राहू द्यावी. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "सरांना म्हणावं, या बसाया. दुसरी खुर्ची आणते."

परवा मी वरून बघितलं तर सर बसले होते.